काढायचा सराव

हत्याराचा सराव किती दिवसांनी करावा, याबद्दल आमच्या गल्लीत तीन मतं होती. ज्याच्याकडून रिव्हॉल्व्हर घेतलं तो दुकानदार म्हणाला, वर्षातून दोनदा चालवलं तरी पुरे. शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणाले, रोज. मी म्हणाले, ही ब्याद घरात आणायचीच कशाला? माझं मत कुणी धरलं नाही.

रिव्हॉल्व्हर आमच्या ह्यांचं. नवीन जालन्यात ह्यांचं बियाण्यांचं दुकान आहे. सात वर्षांपूर्वी हे भाऊबीजेला मोटारसायकलवर अंबडला गेले होते, थोरल्या बहिणीकडे. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना लहानाचं मोठं केलं ते याच आक्कांनी. परत येताना एका वळणावर दोघांनी गाडी आडवी घातली आणि पिशवी हिसकावली. पिशवीत आक्कांनी दिलेल्या करंज्या होत्या. एवढ्यावर भागवावं लागलं म्हणून की काय, त्यातल्या एकाने ह्यांच्या डाव्या गालावर एक ठेवून दिली.

करंज्या गेल्याचं ह्यांनी गावभर सांगितलं. गालाचं फक्त मला सांगितलं, तेही पाठ फिरवून.

त्यानंतर लायसन्ससाठी दोन वर्षं खेटे झाले. "एकदा हत्यार हाती येऊ दे, मंग बिनधास्त जातो आक्काकडं," हे म्हणत. हत्यार आलं. मग म्हणाले, "आधी सराव पक्का होऊ दे." एस.टी.ने जा म्हटलं तर म्हणाले, "गर्दीत काढायचं कसं?" तेव्हापासून दर भाऊबीजेला ह्यांनी आक्कांना फोन करायचा, दुकानात लई गिऱ्हाईक हाय म्हणून सांगायचं, आणि गुडघेदुखीच्या आक्कांनी करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन एस.टी.ने आमच्याकडे यायचं, असं चाललं होतं. मला याचा फार राग यायचा. पण नवऱ्याच्या गालाची गोष्ट नणंदेला सांगायची कशी?

सराव मात्र नेमाने होई. सकाळी पंचवीस वेळा, तिन्हीसांजेला पंचवीस वेळा. इकडे मी देवापाशी दिवा लावला की तिकडे हे कमरेला कातडी म्यान बांधून उभे राहत. डाव्या हाताने सदरा वर, उजव्या हाताने रिव्हॉल्व्हर बाहेर, नेम, पुन्हा आत. गोळ्या नाहीत. गोळ्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. सुभेदार म्हणाले होते, आधी महिनाभर बिनगोळीचा सराव करा. महिना संपला, पाच वर्षं संपली, ह्यांनी किल्ली मागितली नाही. मी दिली नाही.

नेम कशावर धरायचा हाही प्रश्नच होता. समोरच्या भिंतीवर तीन चित्रं होती. मधोमध बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर, त्यावर कापसाचं टपोरं बोंड. एका बाजूला राजूरचा गणपती, दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा फोटो. हे बोंडावर नेम धरत, पण हात कधी गणपतीकडे जाई तर कधी आईकडे. शेवटी मी दोघांनाही स्वयंपाकघरात नेलं.

एक गोष्ट मला खटकायची. रिव्हॉल्व्हर बाहेर आलं की ह्यांचा डावा हात सदरा सोडून आपोआप वर जाई आणि गालावर बसे. मला आधी वाटलं, सुभेदारांनी शिकवलं असेल. पण एकदा सुभेदारच ओरडले, "डावा हात खाली. दाढ दुखून राह्यली का तुमची?" हात खाली आला, दुसऱ्या वेळी पुन्हा वर गेला. मला कळलं आणि मी भाजी ढवळायला आत गेले. रडूही आलं थोडं.

हत्यार लपवून बाळगायचं, दिसता कामा नये, असाही सुभेदारांचा दंडक होता. त्यामुळे ह्यांनी ढगळ सदरे शिवून घेतले. पण वजनाने पायजमा एका अंगाला उतरे, मग हे चालता चालता तो वर ओढत. भाजीवाली लांबूनच विचारी, "काका, आज बंदूक न्हाई आणली का? सरळ चालून राह्यले." सगळ्या जालन्याला ठाऊक असलेलं एवढं गुप्त हत्यार दुसरं नसेल.

यंदा दसरा झाला आणि लगेच निवडणूक लागली. आचारसंहिता सुरू झाली की लायसन्सवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. ह्यांच्याने एकट्याने जाववेना, म्हणून मीही गेले. हवालदारांनी रिव्हॉल्व्हर उलटसुलट पाहिलं आणि नळीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"हे काय?"

"हळद. दसऱ्याची पूजा केल्ती," मी म्हणाले. दर दसऱ्याला विळी, कोयता, दुकानातला तराजू आणि हे, अशी ओळीने पूजा मांडायची मी. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याचं पान.

हवालदारांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर आपटलं. नळीतून तांदळाचे चार दाणे पडले.

"काका, किती बार काढले आजवर?"

"एकबी न्हाई," हे म्हणाले.

"मंग सराव?"

"रोज करतो की. पन्नास वेळा."

"कशाचा?"

"काढायचा. आन् परत ठेवायचा."

हवालदारांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. मग पावतीवर लिहिलं, रिव्हॉल्व्हर नग एक, आणि कंसात, हळदीकुंकवासह.

घरी आल्यावर ह्यांचं कशातच लक्ष लागेना. कमर हलकी झाली म्हणून चाल बिघडली, पायजमा सरळ राहू लागला. तिसऱ्या दिवशी मीच वैतागून म्यानात अडकित्ता घालून दिला, सासूबाईंचा, चांगला वजनदार पितळी. "घ्या, याच्यावर करा सराव." मी टोमणा मारला होता. ह्यांनी तो बांधला आणि बोंडापुढे जाऊन उभे राहिले. पंचवीस वेळा अडकित्ता बाहेर, पंचवीस वेळा आत. मी कपाळावर हात मारून घेतला.

आणि दिवाळीत आक्कांचा फोन आला. न्हाणीत घसरून पाय मोडला होता, प्लॅस्टर होतं.

"यंदा मला यायला जमत न्हाई रे," आक्का म्हणाल्या. "तू येत आसशील तर ये. न्हाईतर ऱ्हाऊ दे. मी चंद्राला ओवाळते."

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ह्यांनी फोन खाली ठेवला. जेवताना भात तसाच चिवडत बसले. मी म्हणाले, "अहो, निवडणूक संपेपर्यंत रिव्हॉल्व्हर मिळायचं न्हाई. आन् भाऊबीज काही थांबत न्हाई."

भाऊबीजेला सकाळी पाहते तर ह्यांनी मोटारसायकल पुसून दारात लावली होती. कमरेला म्यान, म्यानात अडकित्ता. मी हसले नाही. मागे बसले.

शहर सुटल्यावर हे आखडून बसले. मान ताठ, गाडी बैलगाडीच्या चालीने. ते वळण आलं तेव्हा मीच ह्यांचा खांदा घट्ट धरला. आणि नेमकं तेव्हाच मागून भरधाव एक मोटारसायकल आली, वर दोन तरुण. ते आमच्या बरोबरीने चालू लागले. एक जण हात हलवून काहीतरी ओरडत होता. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. ते दोघे पुढे जाऊन थांबले, गाडी वळवून आमच्यासमोर आले.

पुढचं मी या डोळ्यांनी पाहिलं. डावा हात, सदरा वर. उजवा हात, अडकित्ता बाहेर. पाच वर्षांचा सराव एका क्षणात बाहेर पडला. इतकं झकास कधी घरी जमलं नव्हतं. फक्त डावा हात गालावर जाऊन बसला.

पोरं अडकित्त्याकडे पाहत राहिली. मग पुढचा म्हणाला, "काका, ष्टँड वर करा. कवाच्यान् आवाज देऊन राह्यलो. पडताल की काकूला घिऊन."

आमचा स्टँड खालीच होता. जालन्यापासून.

हे तसेच, नेम धरून. मीच मागून हळू म्हणाले, "आता ठेवा आत." मागचा पोरगा म्हणाला, "सुपारी आसन तर द्या की थोडी." माझ्या पिशवीत होती. दोघांना दिली. ते गेले, आणि मला जे हसू फुटलं ते अंबडच्या वेशीपर्यंत आवरलं नाही. हेही शेवटी हसले, पण स्टँड तीनदा पाहिला.

आक्का बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या. ताट तयारच होतं. बसल्या बसल्या त्यांनी ह्यांना ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तोंडावरून हात फिरवून कानशिलापाशी कडकडा बोटं मोडली. मग त्यांचं लक्ष कमरेकडे गेलं.

"हे काय बांधलंस?"

ह्यांनी अडकित्ता काढून दिला. आक्कांनी आईचा अडकित्ता ओळखला, पदराने पुसला आणि एक सुपारी धरून पाहिली. कातरेना.

"बोथट झाला की रे. वापरत न्हाई का कुणी?"

"रोज काढतो, आक्का," हे म्हणाले. "कातरत न्हाई."

मला पुन्हा हसू येणार होतं, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि ते आवरलं. हे खाली बघून म्हणाले, "आक्का, त्या दिवशी त्यांनी मला मारलं. हितं." आणि डावा हात गालावर ठेवला.

आक्का अडकित्त्याशी झटतच होत्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "करंज्या गेल्या म्हणून कुणी सात वर्षं बहिणीकडं यायचं थांबत न्हाई. म्हणून तर मी येत होते."

सुपारी शेवटी फुटली, वेडीवाकडी. आक्कांनी ह्यांचा डावा हात गालावरून ओढून खाली घेतला, तळव्यावर एक खांड ठेवलं आणि मूठ मिटवली.