पाठीला उटणं

नरक चतुर्दशीला आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांच्या आधी मी उठते. तेल कोमट करते, पुण्याहून मागवलेलं उटणं दुधात कालवते आणि आधी नवऱ्याची, मग मुलाची पाठ चोळून देते. त्यांची अभ्यंगस्नानं होईपर्यंत वाटीच्या तळाशी उटणं वाळून गेलेलं असतं. तेच खरवडून हातापायांना फासते आणि घाईघाईने अंघोळ उरकते, कारण फराळाची ताटं वाढायची असतात.

यंदा नणंद गुरुग्रामहून फराळाला आली. माझ्या हातांवरच्या भेगा बघून म्हणाली, "वहिनी, दिल्लीची हवा किती खराब आहे! स्किनकडे लक्ष दे यार. स्वतःलाही थोडा वेळ देत जा."

चकली मोडत नवरा म्हणाला, "बिल्कुल! मी तर हिला रोज सांगतो."

रोज! मी त्याच्या ताटात आणखी एक लाडू वाढला. स्वतःला कितीही वेळ दिला, तरी आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही. लग्न झाल्यापासून माझ्या पाठीला उटणं लागलेलं नाही.