सोमवारची तालीम

संग्रहालय ही पृथ्वीवरची एकमेव जागा आहे, जिथे काळ माणसापुढे नमतं घेतो. हे वाक्य मी तोक्योतल्या मराठी लोकांच्या एका कार्यक्रमात भाषणाच्या शेवटी म्हणालो होतो आणि त्याला कडकडून टाळ्या पडल्या होत्या. नंतर कळलं की त्याच वेळी माझ्या पाठीमागून कोणीतरी जेवण तयार असल्याची खूण केली होती. खरं सांगायचं तर मी संग्रहालयात जातो ते तिथे बाकं असतात, स्वच्छतागृहं चांगली असतात आणि कोणी बोलायला येत नाही म्हणून.

माझ्या मित्रानं संग्रहालय निवडलं तेही साधारण याच कारणासाठी.

तो आणि मी निशी-कसाईत शेजारशेजारच्या इमारतींत राहतो. दोघं पुण्याचे, दोघं पन्नाशीचे, दोघं संगणकाच्या धंद्यात. फरक एवढाच की त्याची बायको जपानी होती आणि आता नाही. घटस्फोट झाल्यावर ती मुलीला घेऊन क्योतोला माहेरी गेली. इथे वर्षानुवर्षं अशीच रीत होती की घटस्फोटानंतर मूल एकाच्याच वाट्याला येतं आणि दुसऱ्यानं समजूतदारपणे दिसेनासं व्हायचं असतं. कायदा आता बदलतोय. पण मुली कायद्यासाठी मोठ्या व्हायच्या थांबत नाहीत. मुलीला पाहून त्याला तीनेक वर्षं झाली होती.

मग त्या शरद ऋतूत तिच्या आईकडून ईमेल आली. मुलगी भेटायला तयार आहे. एक तास. घरी नको, हॉटेलात नको, भेटवस्तू नको. सार्वजनिक जागा तुम्ही ठरवा. आणि शेवटी: पुढे भेटत राहायचं की नाही, हे या भेटीनंतर ती स्वतः ठरवेल.

स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात त्यानं मला हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं, जणू एखाद्या वेळी ते वेगळं निघेल.

"संग्रहालय," तो म्हणाला.

"तेरा वर्षांच्या मुलीला?"

"अरे, बागेत बसून गप्प राहिलो तर गप्पच दिसतो. संग्रहालयात गप्प राहिलो तर बघतोय असं वाटतं."

मी कॉफी संपवली. तो पुढे म्हणाला, "तू चल."

"मी तिथे काय करू?"

"काही नको. लांब उभा राहा. मला ट्रेनमध्ये चढव आणि उतरव, बस."

मंगळवार ठरला. मुलीची परीक्षा चालू होती, त्यामुळे शाळा दुपारीच सुटणार होती. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी होती, म्हणून आम्ही सोमवारीच सकाळी क्योतोला निघालो. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हे या देशात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. आमचा बेत एवढाच होता की आदल्या दिवशी बाहेरून जागा पाहून ठेवायची: फाटक कुठलं, बाक कुठलं, ऊन कुठून येतं.

पोचलो तर फाटक उघडं. लोक आत जात होते.

"सुट्टी आहे ना, म्हणून उघडं ठेवलं असेल," मी म्हणालो.

"नशीब बघ लेका," मित्र म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द चांगल्या अर्थानं मी बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. आम्ही तिकिटं काढली आणि आत गेलो. एवढं नशीब एकदम का आलं, याची चौकशी दोघांपैकी एकानंही केली नाही.

आत शिरताच एक भलामोठा स्वागतफलक होता. त्यावर आत्मा, अखंडता, शतकांचा संवाद असे शब्द होते. एवढे मोठे शब्द एका भिंतीवर दिसले की पुढच्या दालनात वाडगा असतो, असा माझा अनुभव आहे. पुढच्या दालनात वाडगा होता. तो कधीतरी फुटला होता आणि त्याच्या भेगा सोन्यानं सांधल्या होत्या. काचेभोवती लोक दबक्या आवाजात उसासत होते.

मित्राचा चेहरा उजळला. "हे तिला सांगायचं. फुटलेली गोष्ट सांधली की आधीपेक्षा सुंदर होते."

"हे पुण्यातल्या प्रत्येक कंपनीच्या जिन्यात लावलेलं असतं."

"पण खरं आहे ना."

"तिचे आईबाप फुटलेत. तिला सोन्याचं काय सांगतोस? सोनं कुठाय?"

"बरं, वाडगा कट," तो म्हणाला.

काय सांगायचं ते टिपून ठेवायला त्यानं खिशातून पेन काढलं. त्याबरोबर कोपऱ्यात मांडीवर शाल घेऊन बसलेली रखवालदार बाई उठली, लगबगीनं पण पावलांचा आवाज न करता आली, वाकली आणि दोन्ही हातांनी त्याला एक आखूड पेन्सिल दिली. शाईची पेनं आत चालत नाहीत. मित्रानं ओशाळून पेन ठेवलं आणि माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलं: वाडगा नाही.

पुढच्या दालनात एक लांबच लांब गुंडाळीचित्र होतं, बगळ्यांचं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही प्रतिकृती आहे. मूळ चित्र नाजूक असल्यानं ते वर्षातून थोडेच दिवस बाहेर येतं, एरवी अंधारात विश्रांती घेतं.

"म्हणजे हे सगळे नकलेपुढे रांग लावून उभे आहेत?" मित्र म्हणाला.

"शिस्तीत."

"आणि खरं आत झोपलंय."

"त्याला परवडतं."

तो हसला. नंतर मला वाटलं, हसायला नको होतं. पण त्या दिवशी आम्हाला सगळंच सोपं वाटत होतं.

मूर्तींच्या दालनात त्याला हवं होतं ते सापडलं. लाकडाची, रंग उडालेली, बसलेली एक देवी, मांडीवर बिवा नावाचं इथलं तंतुवाद्य. पाटी वाचायच्या आधीच त्यानं ओळखलं. आपली सरस्वती. चीनमार्गे आली, नाव बदललं, वीणा बदलली, राहून गेली.

"हे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि समोरच्या बाकावर बसला.

मुलगी लहान होती तेव्हा निशी-कसाईतल्या घरी दर दसऱ्याला तो तिच्याकडून पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून घ्यायचा. पाटी पुण्याहून मागवलेली होती. तिच्या हातून सगळे एक आडवे पडायचे आणि सरस्वती झोपल्यासारखी दिसायची. हे त्यानं मला तिथे सांगितलं, पहिल्यांदाच. शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं.

"तिला विचारीन, आठवतं का. तिथून बोलणं आपोआप निघेल. तू जरा ती हो."

"कोण?"

"माझी मुलगी. तिथे उभा राहा, कंटाळल्यासारखा."

"ते जमेल."

मी मूर्तीसमोर उभा राहिलो. तो आला, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला, घसा साफ केला आणि हलक्या मराठीत म्हणाला, "ही कोण, ओळखलंस का?" मी मान हलवली. त्यानं पाटीबद्दल विचारलं. मी आठवल्यासारखं केलं. एक जपानी जोडपं आमच्या मागून सावकाश गेलं आणि आमच्याकडे बघायचं नाही याची त्यांनी फार काळजी घेतली. मग तो म्हणाला, "बाबाची आठवण येते का तुला?"

मी मुलीचं सोंग सोडून त्याच्याकडे वळलो.

"काय झालं?"

"हे विचारू नकोस."

"का?"

"ती उत्तर देईल."

त्यानं पेन्सिलीनं तेही लिहून घेतलं. संध्याकाळी हॉटेलात त्यानं शर्टाला स्वतः इस्त्री केली, आणि झाल्यावर पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्या वेळेच्या खूप आधी आम्ही पोचलो. फाटक बंद होतं. आतल्या वाटेवर एक माणूस पाचोळा झाडत होता, दुसरं कोणी नव्हतं. फाटकावर एक नेटकी पाटी लावलेली होती. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असल्यास संग्रहालय उघडं राहतं आणि त्याबदली मंगळवारी बंद असतं. गैरसोयीबद्दल मनापासून क्षमा मागितलेली होती, चार भाषांत.

इतकी वर्षं इथे काढलेले आम्ही दोघं. सोमवारी बंद, एवढा अर्धा नियम आम्हाला पाठ होता. उरलेला अर्धा इथे जन्मलेल्या मुलांना माहीत असतो.

मित्र पाटी वाचत राहिला. मी म्हणालो, "जवळ दुसरं असेल." मी फोनवर शोधलं. दुसरंही बंद होतं. तिसरंही. सगळ्यांनी सोमवारी लोकांची सोय केली होती.

ती सायकलवरून आली. शाळेच्या गणवेशात, केस आखूड कापलेले, उंची आईची, कपाळ त्याचं. सायकल लावून कुलूप केलं, मग आमच्यासमोर येऊन वाकली. आधी त्याला, मग मला, सारखंच. मी फाटकाच्या दुसऱ्या टोकाला सरकलो, पण रस्ता इतका शांत होता की ऐकू येत राहिलं.

"कशी आहेस?" त्यानं मराठीत विचारलं.

तिला कळलं. तिनं उत्तर जपानीत दिलं, अनोळखी मोठ्या माणसांशी बोलतात तसं, एकही शब्द न चुकता. बरी आहे. परीक्षा चालू आहे. तुम्हाला लांबून यावं लागलं.

"हे बंद आहे," तो म्हणाला. आता तोही जपानीत आला होता. "मला माहीत नव्हतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. माझ्या मते ती पहिल्यांदाच नीट बघत होती.

"माहीत नव्हतं?"

"नाही. अजिबात."

"मला वाटलं, मुद्दामच निवडलं असेल," ती म्हणाली. "दोघांनाही फार वेळ अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आई म्हणाली, चांगला विचार केलाय."

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं. या देशात समोरच्याला नाही म्हणावं लागू नये म्हणून माणसं असलं काही खरोखरच करतात, आणि समोरचा मनातल्या मनात आभार मानतो. त्याच्या हातून नकळत झालेली ती एकच गोष्ट अशी होती, जी त्याच्या मुलीला आवडली होती. ती चुकून झाली होती, आणि हे त्यानंच आता तिला सांगितलं होतं.

"वेळ आहे ना तुला?" त्यानं विचारलं. "कुठेतरी बसू."

"शिकवणी आहे. लवकर संपेल असं वाटलं म्हणून तिथे अलीकडची वेळ सांगितली." ती पुन्हा वाकली. "माफ करा."

मग तो फाटकासमोर उभं राहूनच बोलायला लागला. आत एक मूर्ती आहे म्हणाला, सरस्वतीची. ती म्हणाली, हो, पाचवीत असताना शाळेनं आणलं होतं. सगळं दाखवलं होतं. तो म्हणाला, आपण दसऱ्याला पाटीवर काढायचो ती, एक-एक लिहून, आठवतं का?

"हो, आठवतं," ती लगेच म्हणाली.

खरोखर आठवायला माणसाला थोडा वेळ लागतो. तिला लागला नाही.

त्यानं मान डोलावली. तिनं सायकलच्या टोपलीतून एक कागदी पिशवी काढून दोन्ही हातांनी त्याला दिली. क्योतोची मिठाई होती, दुकानाच्या कागदात घट्ट बांधलेली, आईनं पाठवलेली. परगावच्या पाहुण्याला निघताना देतात तशी. त्याच्या भेटवस्तूला बंदी होती, पण त्याला रिकाम्या हातानं पाठवणंही रीतीला धरून नव्हतं. इथे असली पिशवी हातात पडली की भेट संपली असं समजायचं असतं. तो पिशवी धरून उभा राहिला.

"पुन्हा येऊ का मी?" त्यानं विचारलं. हे मराठीत विचारलं.

ती थोडी थांबली. "विचार करून कळवते," ती जपानीत म्हणाली.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बघत होता. वळताना तिनं हात बाहेर काढून खूण केली, मागच्या गाड्यांसाठी. मागे गाड्या नव्हत्या.

"कळवते म्हणाली," मी म्हणालो.

"मी ऑफिसात रोज म्हणतो हे," तो म्हणाला. "ज्यांच्याकडून काही घ्यायचं नाही त्यांना."

परतीची गाडी संध्याकाळची होती. पाऊस आल्यामुळे बाहेर बसता येईना आणि स्टेशनजवळ मत्स्यालय तेवढं उघडं होतं, म्हणून आम्ही तिथे गेलो. मंगळवार असला तरी ते उघडं असतं. शाळकरी मुलांच्या रांगेतून आम्ही एका काळोख्या टाकीपर्यंत पोचलो. तिथे इथल्या नद्यांत सापडणारे, सरड्यासारखे दिसणारे महाकाय सॅलमँडर होते, माणसाच्या मांडीएवढे जाड, मातकट रंगाचे. कोपऱ्यात एकावर एक पडले होते. कोणाचं डोकं कोणाच्या पाठीवर आहे ते कळत नव्हतं. एकही हलत नव्हता.

मित्र मिठाईची पिशवी छातीशी धरून काचेपुढे उभा राहिला. मुलं आली, चिवचिवली, कंटाळून गेली. तो तिथेच होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आपण असं राहायला शिकलं पाहिजे बघ. कोणाकडून काही नको. शांत."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. म्हणून मी काचेशेजारची पाटी वाचली.

तिथे लिहिलं होतं: हे प्राणी जिवंत आहेत. कृपया कर्मचाऱ्यांना विचारू नये.