ठासणीच्या बंदुकीचा धूर
इस्त्रीखाली सुती कापड करपलं की त्या वासाने मी थेट रोहण्याच्या शिवारात जाते. पन्नास-एक्कावन्न साल असेल. विधवा आत्या एकटीने हरभरा करायची आणि एक रानडुक्कर रोज तो उकरून जायचं. "बाई, तुह्या ठासणीच्या बंदुकीत एकच बार राह्यते, माही काडतुसाची घे," बाबा म्हणाले, "आज चुकली तं तुहं वावर यापुढं मी करीन." आत्या जुन्या लुगड्याची चिंधी दारूवर गजाने ठासत होती. "एकच हाय म्हणून तं नेम नीट धरते मी." उजाडताना आम्ही बांधाआड बसलो. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाने, आंबेने, पाय चुरचुरत होते. डुक्कर आलं, बार झाला आणि पांढऱ्या धुरात वावर, डुक्कर, आत्या, सगळंच नाहीसं झालं. जळती चिंधी तेवढी तरंगत खाली येताना दिसली. बाबा उठले. "बस ना, धुराले जाऊ दे," आत्याचा आवाज आला. दवामुळे धूर हलेचना. अखेर विरला, तेव्हा डुक्कर हरभऱ्यात आडवं होतं. बाबा बैलगाडी आणायला गेले आणि वावराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. शिकारीचं मला काडीचं कौतुक नाही, पण बाबांना आत्याचं ऐकून थांबायला लावणारा तो धूर आणखी थोडा रेंगाळला असता तरी चाललं असतं.