जिभेवरचं वेखंड

आत्ताच सांगते. टायपिंग क्लासातल्या मशीनवर बसली आहो, मास्तर यायच्या आत ठोकून टाकते. थांबली तं रडू येईन, अन् रडली तं काहीच होणार नाई.

"पुन्हा वाच."

मेहकरची कचेरी. आज सकाळी. महाराष्ट्र झाला, सरकारी कागद मराठीतून निघणार, म्हणून मराठी टाइप करणारे पाह्यजे होते. साहेब पुण्याकडचे. त्यायनं मजकूर सांगतला, मी खडाखड टाइप केला. एक चूक नाई. मंग म्हणे, वाचून दाखव.

वाचलं. "कायी जमीन, केयीचे बाग..."

साहेब हसले. बाजूच्या खोलीत हाक मारली, "अहो, या इकडे, गंमत ऐका! लिहिते काळी, म्हणते कायी!" तीन-चार जण आले. एकाच्या हातात चहाची बशी. "हं, पुन्हा वाच गं."

वाचलं. हसले. पुन्हा वाचलं. बशीवाल्याच्या तोंडातून चहा उडाला.

मी जानेफळची. गावाच्या पाटीवर जानेफळ, तोंडात जानेफय. आमच्याकडे ळ कागदावरच राह्यते.

हे माहीत होतं मले. मायलेही. म्हणून तर आठ दिवस वेखंड चाललं. लहान लेकराची जीभ सुटावी म्हणून उगाळून चाटवतात न, तेच. मी एवढी घोडी, तरी माय सकाळ-संध्याकाळ सहाणेवर उगाळे अन् माह्या जिभेवर बोटानं चोळे. आग आग होये.

"म्हण, बाई."

"काया."

"आला का?"

"आला वाटते."

मायले स्वतःले ळ येत नाई. आला का नाई, हे ना तिले कळे ना मले. तरी चोळत राह्यली. काऊन, तं बानं सांगून ठेवलं होतं, नोकरी लागली तं ठीक, नाई तं वैशाखात लगीन. आज सकाळी तं मायनं असा जाड लेप देला, का जीभ सोलून निघाली. तीच सोललेली जीभ घेऊन मी साहेबासमोर उभी.

"हं. नीट म्हण आता. काळी."

अन् काय झालं कोण जाणे. तोंडात रगत आल्यासारखं लागलं.

"नाई म्हणत, साहेब. कागदावर बरोबर हाये. तोंड माह्यं हाये."

कोणीच हसलं नाई मंग. साहेबानं माहा कागद बाजूले सारला. "दुसरी मुलगी बोलवा."

बाहेर फाटकाशी केळीवाला वरडत होता, "केयी घ्या, केयी!" चार चाकाची हातगाडी. मी उगाच मनात टाइप करून पाह्यलं, चार चाक. चारचा च वेगळा, चाकाचा च वेगळा, बटन एकच! साहेबही लिहीत एकच असतीन अन् म्हणत दोन. त्यायले कोणी चोळलं वेखंड? कचेरीचा शिपाई आला, साहेबासाठी डझनभर केयी घेऊन गेला. खाताना गोडच लागल्या असतीन.

माय निंबाखाली बसून होती. माह्यं तोंड पाहूनच समजली. पदराची गाठ सोडली, वेखंड काढलं. "अजून एक डाव लावू, बाई. बीबी गावच्या कचेरीतही जागा हाये म्हणतात."

मी तिच्या हातातून ओढलं अन् नालीत फेकलं.

"नोकरीबी गेली अन् औषधबी!" माय भर रस्त्यात रडली. मी नाई उचललं.

लगीन टळन का नाई, माहीत नाई. बा आज काय करन, माहीत नाई. जीभ अजून जळून राह्यली. पण बीबीले मी जाणार. तिथं वाचून दाखव म्हटलं तं कायीच म्हणणार, पह्यल्याच खेपेले, मोठ्यानं, मायनं काहीच न चोळलेल्या जिभेनं. ठेवा नाई तं काढा.

मास्तरची सायकल वाजली. लवकर सांगा, तुमच्या जिभेवर कोणी काय चोळलं? अन् तुम्ही गिळलं का थुकलं?