मार्सेल ते लंडन, काठाकाठाने

फाल्गुनातलं कोरडं ऊन सकाळीच चटके द्यायला लागलं होतं. असल्या हवेत मीठ भराभर धरतं, म्हणून काळुराम भोईर पहाटेपासून कळव्याच्या मिठागरात मीठ ओढत होता. सहा वाफे झाले तशी त्याने पायांवरचं खारं पाणी धुतलं आणि मुंडाशात खोचलेलं विलायतेचं पत्र घेऊन ठाण्याच्या शाळेत गोपीनाथ मास्तरांकडे गेला.

त्याची विधवा लेक लक्ष्मी एका साहेबाच्या तान्ह्या पोराची आया होऊन विलायतेला निघाली होती. पत्र मडमेचं होतं. मास्तरांनी मराठीत सांगितलं, "फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात लक्ष्मीला ताप आला. तिला तिथल्या दवाखान्यात ठेवून ही माणसं लंडनला गेली. मागाहून रेल्वेचं तिकीट धाडलं, पण ते पोचायच्या आदल्या दिवशीच पोर कुणाला न सांगता निघून गेली. अजून पत्ता नाही."

काळुरामने भिंतीवरच्या युरोपच्या नकाशाकडे बोट केलं.

"कवरा लांब हाय, मास्तर?"

मास्तरांनी नकाशावर दोरा ताणून धरला. "पाखरासारखं सरळ गेलं तर तीनशे कोसांवर थोडं. रेल्वेच्या वाटेने चारशे."

"समजलं. आमच्या बांधांवरनं पन तसाच वलसा परतो." काळुराम बोटांवर दिवस मोजायला लागला आणि मधेच थांबला. "पन ती रस्त्यानं नाय जायची, मास्तर."

"मग कशी जाईल?"

"खाजनाच्या चिखलात पोरं चुकतात ना, तवा आमी सांगतो, पान्याची कड सोरू नको. पानी डाव्या हाताला ठेव, गाव येतंच. बोटीवर चरताना मीच तिला परत सांगलं."

मास्तरांनी मार्सेलपासून किनाऱ्याकिनाऱ्याने दोरा लावला. स्पेनचं नाक वळायच्या आतच दोरा संपला. पुढे त्यांनी नुसतं बोट फिरवलं. पोर्तुगाल, मग परत वर फ्रान्स.

"अरे काळू, हजार-दीड हजार कोस होतील! एवढा मुलूख फिरून कुणी जातं होय?"

"माजी जाते. माज्यावानी हट्टी हाय. पन पोचंल ना?"

"शेवटी मधे समुद्र आहे रे."

"मंग लिवा तिला. पानी सोर म्हनावं, मानसांना इचार."

मास्तरांनी टाक उचलला, तसाच खाली ठेवला. "कुठल्या पत्त्यावर लिहू? हे पत्र यायलाच महिना गेला."

काळुराम आगरात परतला तेव्हा ठमाबाई, त्याची बायको, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरच उभी होती.

"काय बोलला मास्तर? कवरा रायलंय?"

"तीनशे कोस."

"मंग पोचंल चालत. पायांची घट हाय माजी पोर. तू नुसता तोंड पारून बसतंस."

भरतीचं पाणी उघाडीच्या, बांधातल्या दाराच्या, फळ्यांना लागलं होतं. एका फटीतून धार आत यायला लागली होती. काळुरामने धोतर वर खोचलं आणि चिखलाचा गोळा घेऊन फट लिंपायला वाकला.