नाळेला हात

आता गावात जो तो सांगतो, नर्स आली आणि आमच्याकडे सुधारणा झाली. आमच्या घरात ती सुधारणा कशी शिरली ते मला विचारा.

माझं पहिलं बाळंतपण साठ सालच्या आधीचं, पौषातलं, म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांतलं. टोकावड्याकडच्या आमच्या गावात पोर घरातली बाई झेलायची, पण नाळ कापायची ती गावाबाहेरच्या वाडीतल्या सुइणीनंच. कुणब्याच्या बाईनं नाळेला हात लावला की विटाळ, आणि नाळ तुटेपर्यंत पोर उचलायचं नाही.

गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटावर मुलगी झाली. चांगली रडली. सासूबाईंनी तिला खाली ठेवलं आणि हात झटकून बाजूला झाल्या. सुईण जत्रेत मजुरीला गेलेली. तिला आणायला दीर धावला. तोवर मुलगी तशीच ओली, थंडीत पडलेली. भिंतीला विळा अडकवलेला होता.

"द्या इकडे, मीच कापते," मी म्हटलं.

"येड लागलं का गो? आपलं काम नाय ते," सासूबाई ओरडल्या.

हीच बाई म्हैस अडली की कोपरापर्यंत हात घालून पारडू ओढायची! मी पडलेल्या जागेवरून पदर ओढून मुलीवर घातला, पुरला तेवढा.

सुईण धापा टाकत आली तेव्हा दुपार कलली होती आणि मुलगी केव्हाच गार झाली होती. तिनं भिंतीकडे पाहिलं.

"इळा हितंच व्हता ना?" एवढंच म्हणाली.

सासूबाईंनी गावभर सांगितलं, सुइणीनं उशीर केला म्हणून पोर गेली. वर तिलाच शिव्या. त्या शिव्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या खेपेला सरकारी नर्स आली. पांढरं पातळ, हातात पेटी. तिची जात कुणी विचारली नाही, पांढऱ्या पातळाला विटाळ होत नसावा. तिला ओटीवर पाट आणि कपबशीतून चहा. सुइणीलाही बोलावलं होतं, मागून पडणारी वार मातीत पुरायला. ती गोठ्याबाहेर उकिडवी बसून होती. गोठ्यात अंधार, म्हणून सासूबाई स्वतः चिमणी धरून उभ्या होत्या. कौतुकानं बघत होत्या.

मुलगा झाला. नर्सनं नाळेला दोरा बांधला, कात्री चालवली आणि पोर फडक्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं. झालं! वालाची शेंग सोलायला याहून जास्त वेळ लागतो.

मी सासूबाईंकडे पाहिलं. "एवढ्यासाठी माझी पोर घालवलीत?"

त्यांच्या हातातली चिमणी जराही हलली नाही.

"गप पड," त्या म्हणाल्या. "मुलगा झालाय. आज तरी चांगलं बोल."