सरोजिनीच्या स्टोव्हचा वॉशर

शत्रुघ्नकडे स्टोव्ह दुरुस्तीला नेला की आधी बोलणी खावी लागत, मग स्टोव्ह दुरुस्त होई. पिन कुणी मारली, बर्नरवर दूध कुणी उतू घातलं, रॉकेल गाळून का घेतलं नाही, इतक्या चौकशा लोक सोयरीक जुळवतानाही करत नाहीत. ज्योतीकडे नुसतं पाहून तो घरातली सून नवी आहे की मुरलेली ते सांगायचा. नवी सून घाबरून पिन खुपसते, भोक मोठं होतं, ज्योत पिवळी पडते, असा त्याचा सिद्धान्त. सासवा खूश होऊन चार आणे जास्त द्यायच्या. सुना त्याला मनातल्या मनात काय द्यायच्या ते त्या सुनांनाच माहीत.

हे सगळं तो वसईच्या बाजारात बसत होता तेव्हाचं. दोन हजार सहा साली तो जूचंद्रला स्वतःच्या पडवीत बसायचा. महिन्याला दोन स्टोव्ह आले तरी डोक्यावरून पाणी. घरोघरी गॅस आला आणि धंदा बसला, असं लोक म्हणत, तोही म्हणायचा. ते निम्मं खरं होतं.

उरलेलं निम्मं असं. सत्त्याऐंशी साली त्याची एकुलती मुलगी सरोजिनी बोळिंजच्या दिवाकरला दिली. दिवाकर नोकरदार, घर पक्कं. मिठागरावर बाप-आजोबांनी टोपल्या उचललेल्या माणसाला असं स्थळ म्हणजे चौरंगावर पाय ठेवल्यासारखं. रुखवतात बाकीच्या भांड्यांबरोबर त्याने एक पितळी स्टोव्ह ठेवला. बाजारातला नाही. टाकी एकाची, बर्नर दुसऱ्याचा, पाय तिसऱ्याचे, सगळे निवडून निवडून घेतलेले, पंपाचा चामड्याचा वॉशर स्वतः कापलेला. भांड्यांवर नावं घालणारा आला तेव्हा तांब्या, परात, घागर यांच्याबरोबर त्याने स्टोव्हच्या टाकीवरही घालून घेतलं: ‘चि. सरोजिनीस, आईबाबांकडून, जूचंद्र.’ स्टोव्हवर कुणी नाव घालतं का, म्हणून वरपक्ष हसला. शत्रुघ्नही हसला. पण त्याला आतून वाटत होतं, की उभ्या वसई तालुक्यात असा स्टोव्ह दुसऱ्या कुणाच्या पोरीने सासरी नेला नसेल.

पाच वर्षांनी निरोप आला, स्टोव्हचा भडका उडाला, सरू गेली.

सासरी तिचं काय बिनसलं होतं ते कधी नीट कळलं नाही. शेवटच्या दोन गणपतींना माहेरी आली तेव्हा बोलली कमी, भांडी जास्त घासली, एवढं तिच्या आईला, चंद्रकांताला आठवत होतं. शत्रुघ्नला चौकीत बोलावलं. टेबलावर तो स्टोव्ह होता. त्याने हात न लावता पाहिला. टाकी फुगलेली नव्हती. सांधा उकललेला नव्हता. बर्नर जागच्या जागी. काकड्याने पेटवताना वाटीत जो काळा डाग पडतो तो ताजा नव्हता. ज्या माणसाने तीस वर्षं स्टोव्हांची तोंडं वाचली त्याला हे तोंड वाचायला पाणी पिण्याइतका वेळही लागला नाही. हा स्टोव्ह फुटला नव्हता. त्या दिवशी तो पेटलासुद्धा नव्हता.

तेवढ्यात दिवाकरच्या काकांनी त्याला बाहेर चिंचेखाली नेलं. काका गोड बोलणारे. म्हणाले, प्रकरण वाढलं तर दिवाकर आत जाईल, घर बसेल, चार वर्षांची नेत्रा कुणाच्या तोंडाकडे बघेल. सरू तर आता येत नाही. तुम्ही म्हणा, वॉशर गेला होता, मीच बसवलेला. अपघात तो अपघात. मग नात तुमचीच आहे, सणावाराला या, घेऊन जा.

शत्रुघ्न आत गेला आणि म्हणाला, वायसर माझा होता, कच्चा निघाला. खाली सही केली.

त्या दिवाळीला तो करंज्यांचा डबा घेऊन बोळिंजला गेला. दारातच त्याच काकांनी सांगितलं, ज्या हातांनी पोरीची आई मारली त्या हातांत पोर कशी द्यायची, तुम्हीच सांगा. लिहून तर तुम्हीच दिलंय. डबा मात्र ठेवून घेतला. बाजारातही बातमी पोचली होती. पोटच्या पोरीला कच्चा वॉशर लावणारा माणूस आपल्या स्टोव्हला काय लावेल, असा हिशेब बायकांनी केला. त्यात चूक म्हणावी असं काही नव्हतं. वर्षभराने तो पेटी उचलून जूचंद्रला आला. चौकीतला स्टोव्ह बोळिंजकरांनी नको म्हटला, तो शत्रुघ्नने सही करून आणला आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. या वेळेपर्यंत सह्या करायची त्याला सवय झाली होती.

तर दोन हजार सहाच्या मार्चमध्ये पडवीत दोघं आली. पुढे कौस्तुभ, एव्हरशाईन सिटीतला, पाठीवर सॅक, बोलण्यात निम्मी इंग्रजी. मागे एक मुलगी. कौस्तुभने सांगितलं, मे महिन्यात बारा जणं हिमालयात चाललोत, स्टोव्ह पाहिजे. मग त्याने वहीच उघडली. गॅसच्या डब्याचा स्टोव्ह हलका, पण डबे ट्रेनमधून नेता येत नाहीत आणि शेवटच्या गावात मिळत नाहीत. पितळी स्टोव्ह स्वस्त, पण अडीच किलो, आणि वजन कोण उचलणार यावर आत्ताच भांडणं लागलीत. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, मिळेल त्यावर चालणारा परदेशी स्टोव्ह सगळ्यात चांगला, पण नवा घ्यायचा तर दोघांना घरी ठेवावं लागेल. म्हणून हा. आमच्यातल्या सुमेधच्या मावसभावाने अमेरिकेतून आणलेला, दोनदा वापरून माळ्यावर टाकलेला, नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याने देतोय. घ्यावा का?

शत्रुघ्नने तो हातात घेतला. पानाच्या डब्याएवढा स्टोव्ह, लांब नळी, टोकाला अॅल्युमिनियमची बाटली, बाटलीच्या तोंडात पंप. टाकी चुलीपासून लांब ठेवायची अक्कल ज्याला सुचली त्याला त्याने मनातून हात जोडले. पंप उघडला, रबराची रिंग नखाने दाबली. बारीक भेगा. कौस्तुभला विचारलं, शेवटच्या गावात काय मिळतं? रॉकेल, कौस्तुभ म्हणाला, तेही रेशनचं. मग पेट्रोलचं नाव काढू नको, शत्रुघ्न म्हणाला, रॉकेलचा बारीक भोकाचा जेट लाव, रॉकेल फडक्यातून गाळ, आणि ही रिंग अशीच ठेवलीस तर तुमच्यातले दोघं, घरी राहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणतील. मोटरसायकलच्या दुकानातून कार्ब्युरेटरची रिंग आण, ती पेट्रोललाही दाद देत नाही. स्टोव्ह घे. जो एका पान्याने उघडतो तोच स्टोव्ह डोंगरात कामाचा.

कौस्तुभ रिंग आणायला निघाला. मुलगी उठली नाही. मी थांबते म्हणाली.

चंद्रकांता पाण्याचे तांबे घेऊन आली. मुलीला देताना तिचा हात थांबला. पोरीने तोंड वर करून पाणी ओतून प्यायलं, भांड्याला ओठ न लावता, आणि शेवटी उजव्या हाताच्या पालथ्या मनगटाने हनुवटी पुसली. चंद्रकांता तशीच उभी राहिली.

“कुठची तू, पोरी?”

“बोळिंजची,” मुलगी म्हणाली. “नेत्रा.”

शत्रुघ्न पंपाचा स्क्रू पिळत होता. तो स्क्रू केव्हाच बसला होता.

ती मग खाली बघत बोलली. घरी आईचा फोटो नाही. माळा आवरताना एक घागर सापडली, काळी पडलेली, ती चिंचेने घासली तर खाली नाव निघालं, आणि नावाखाली जूचंद्र. घरात विचारलं तर आजी म्हणाली, तुझ्या आईच्या बापाने खराब स्टोव्ह दिला होता, त्याचं नाव काढू नकोस. इथे यायचं म्हटलं तर कुणी सोडलं नसतं. स्टोव्ह बघायला जायचंय म्हटलं, तर सोडलं.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “तो खरंच फुटला का?”

शत्रुघ्नने पान्याकडे पाहिलं. खोटं सांगून नात गमावली होती. खरं सांगितलं तर ही आज रात्री ज्या घरात जेवणार त्याच घरात ते खरं घेऊन जाणार. अठरा वर्षांची पोर, तिला तेवढं एकच घर. तो म्हणणार होता, हो बाय, वायसर कच्चा होता. चौदा वर्षं पाठ केलेलं वाक्य, जिभेवर आपोआप येणारं.

“सांग तिला,” चंद्रकांता दारातून म्हणाली. “चौदा वरसां गप रायलास. काय मिलाला तुला?”

तो उठला, माळ्यावर चढला, गोणपाट घेऊन उतरला. नेत्राला वाटलं असेल, काळवंडलेलं, फाटलेलं काही निघेल. निघालं ते घासलेलं पितळ. दर पितृपक्षात, सरूच्या तिथीला, पान वाढून झालं की शत्रुघ्न माळ्यावर चढायचा, पंप उघडून चामड्याच्या वॉशरला खोबरेल तेलाचं बोट लावायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. चामडं सुकलं की ताठरतं, मग हवा धरत नाही. कावळ्यासाठी पान ठेवायचा गच्चीवर, वॉशरला तेल लावायचा माळ्यावर. यातलं कोणतं सरूला पोचत होतं ते त्याने कधी स्वतःला विचारलं नाही. बायकोला वाटायचं, तो वर रडायला जातो. तेही करत असेलच.

त्याने टाकीत रॉकेल ओतलं. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावला. वाटी तापली तशी किल्ली आवळली आणि पंप मारला, एक, दोन, तीन. स्टोव्ह फुरफुरला, एक पिवळी जीभ वर आली, आणि मग सरळ, निळं, फर्र आवाज करणारं कमळ उमललं. कुठे गळती नाही, कुठे ठिणगी नाही.

“वायसर तोच हाय,” शत्रुघ्न म्हणाला. “बदलला नाय. तवाचाच.”

नेत्राने टाकीवरचं नाव वाचलं.

“मग काय झालं होतं?”

“ता मना ठाव नाय, पोरी. तिथं मी नव्हतो. स्टोव्ह फुटला नाय, येवराच मना ठाव हाय.”

“मग तुम्ही तसं लिहून का दिलंत?”

“तुला बगाला मिलंल म्हनून.”

“मग बघितलंत?”

“आज,” शत्रुघ्न म्हणाला.

किल्ली सैल केली. हवा सुटली, ज्योत बसली. पितळ तापलेलं होतं, तरी नेत्राने नावावर बोट ठेवलं आणि चटका बसेपर्यंत काढलं नाही. चंद्रकांताने तिचा हात ओढून पाण्यात धरला. असं तिने एकदा सरूचाही धरला होता, सरू सहा वर्षांची असताना. ते ती बोलली नाही.

कौस्तुभ रिंग घेऊन आला. त्याला पडवीत बदललेलं काही दिसलं नाही, तो त्याच्या वहीत होता. शत्रुघ्नने रिंग बसवली, जेट बदलला, परदेशी स्टोव्ह पेटवून दाखवला. तो चांगला पेटला. मग नेत्रा म्हणाली, बाटलीवर नाव घालून द्या. शत्रुघ्नने नकारार्थी मान हलवली. नाव घालून दिलेल्या वस्तूचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं. ती म्हणाली, आजोबा, घालून द्या. तेव्हा त्याने टोकदार लोखंडी पोगर घेतला आणि अॅल्युमिनियमवर हळूहळू टिंबं मारली: नेत्रा. पुढे कुणाकडून ते घातलं नाही. जागा मात्र सोडली.

जूनमध्ये कौस्तुभ एकटाच आला. जेट काजळीने भरला होता. त्याने सांगितलं, बारा दिवस स्टोव्ह नेत्रानेच पेटवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आम्ही तिला चुलीवरची सासू म्हणायचो. मग म्हणाला, ती आता बोळिंजला नसते, काका. घरी काहीतरी मोठं भांडण झालं. पुण्याला हॉस्टेलवर आहे, फोनही उचलत नाही कुणाचा.

शत्रुघ्नने ऐकून घेतलं. एकदा खोटं बोलून आपण तिच्याकडून आजोळ काढून घेतलं, आणि आता खरं बोलून तिचं स्वतःचं घर. त्याने सुईने जेट साफ केला. फुंकर मारली, उजेडाकडे धरून पाहिला, परत सुई घातली. जेट पहिल्याच वेळेला साफ झाला होता.

“तिला इथला पत्ता ठाव हाय ना?” त्याने विचारलं.

कौस्तुभ म्हणाला, असणारच, तीच तर मला घेऊन आली होती.

शत्रुघ्नने हूं केलं आणि सुई तिसऱ्यांदा घातली.